प्लेअर तुमचा, किल्ली त्यांची

‘हे लिनक्सवर चालत नाही.’ संगणक दुरुस्तीच्या दुकानांतून हे वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. गाणी वाजवणारा छोटा प्लेअर यूएसबीला जोडला, पडद्यावर काही उमटले नाही, की पाठोपाठ सल्ला येतो, ‘लिनक्स काढा, विंडोज टाकून देतो.’ सोबत पैशांचा आकडाही येतो. केबल कोणी बदलून पाहत नाही, संगणकाने काय नोंद केली ते कोणी वाचत नाही, प्लेअरच्या मेनूत कोणी शिरत नाही. रोग न तपासता अवयव कापायला निघालेल्या डॉक्टरला आपण काय म्हणू?

माझे म्हणणे सरळ आहे. प्लेअर न दिसण्याची नेहमीची कारणे पंधरा-वीस मिनिटांत शोधता येतात. आणि शोधूनही जी सुटत नाहीत, त्यांच्या मुळाशी बहुधा यंत्र बनवणाऱ्याने जाणूनबुजून घेतलेला निर्णय असतो. त्या निर्णयाचे खापर लिनक्सच्या डोक्यावर फोडले जाते आणि निर्णय घेणारा नामानिराळा राहतो. माझा आक्षेप या व्यवस्थेला आहे.

कोणी म्हणेल, आता प्लेअर वापरतो कोण? सगळी गाणी मोबाइलवर आली. हा प्रश्न विचारणाऱ्याने एखाद्या तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या मोबाइल दुकानात जाऊन पाहावे. मेमरी कार्डात गाणी, कव्वाल्या, भजने, प्रवचने भरून देण्याचा धंदा तिथे बरीच वर्षे चालला आहे. ज्यांच्याकडे रोजचा डेटा नाही, ज्यांना मोठ्या पडद्याचा फोन हाताळता येत नाही, ज्यांना मुलांच्या हातात इंटरनेट द्यायचे नाही, अशा सगळ्यांना चार बटणांचे ते यंत्र आजही सोयीचे वाटते. शिवाय ज्या अडचणी प्लेअरच्या, त्याच अँड्रॉइड फोनच्या. केबल तीच, भाषाही तीच.

एका बाईंच्या ओव्या

माझ्या परिचयातल्या एक शिक्षिका निवृत्तीनंतर आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करत होत्या. आवाज टिपायला त्यांच्याकडे रेकॉर्डिंगची सोय असलेला जुना प्लेअर होता. घरच्या संगणकावर भाच्याने लिनक्स टाकून दिले होते. एके दिवशी तो प्लेअर संगणकाला दिसेना. दुकानदाराने आधी विंडोज सुचवले आणि मग त्याहून भयंकर गोष्ट सुचवली, ‘प्लेअर फॉरमॅट मारून बघू, बहुतेक चालेल.’ ज्यांच्या ओव्या त्यात होत्या, त्यांतल्या दोघी तोवर वारल्या होत्या. फॉरमॅट मारला असता तर प्लेअर कदाचित दिसला असता, पण त्या दोघींचा आवाज गेला असता.

दोष दोन निघाले आणि दोन्ही साधे होते. पहिला दोष केबलचा. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. स्वस्त चार्जिंग केबलमध्ये माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. अशा केबलने प्लेअर चार्ज होतो, त्याचा दिवा लागतो, आणि आपल्याला वाटते जोडणी झाली. संगणकापर्यंत मात्र एक अक्षरही पोहोचत नाही. केबल बदलल्यावर संगणकाला प्लेअर कळला, तरी आतले काही दिसेना. हा दुसरा दोष. फाइल उघडणारी खिडकी आणि गाण्यांचा प्रोग्राम, दोघेही एकाच वेळी प्लेअरवर हक्क सांगत होते. एक बंद केला आणि रेकॉर्डिंग समोर आले. बाईंनी पहिल्यांदा काय केले असेल, तर सगळ्या फाइलींच्या दोन प्रती काढल्या.

यात कुठलीही जादू नव्हती. क्रम पाळला, एवढेच. तो क्रम मी इथे मांडतो, कारण तो माहीत नसल्यामुळेच ‘चालत नाही’ या वाक्याचे फावते.

पाच दारे

प्लेअर जोडल्यापासून गाणे दिसेपर्यंत पाच दारे ओलांडावी लागतात. कुठले दार बंद आहे ते आधी ठरवायचे.

पहिले दार विजेचे आणि केबलचे. दुसरी केबल लावावी. यूएसबीची जास्तीची पेटी मधे असेल तर काढून थेट संगणकाच्या खाचेत जोडावे. बॅटरी पार उतरली असेल तर थोडा वेळ चार्ज होऊ द्यावे.

दुसरे दार ओळखपत्राचे. प्रत्येक यूएसबी यंत्र जोडताक्षणी दोन क्रमांक सांगते, एक बनवणाऱ्याचा आणि एक त्या मालाचा. टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिली की जोडलेल्या यंत्रांची यादी येते. प्लेअर काढून एकदा, लावून एकदा ती पाहावी. एक ओळ वाढली, तर संगणकाने यंत्र ओळखले आहे आणि ‘लिनक्सला दिसत नाही’ हे विधान तिथेच खोटे ठरते. ओळ वाढली नाही, तर दोष केबलमध्ये, खाचेत किंवा खुद्द प्लेअरमध्ये शोधायचा. ‘डीमेसेज’ ही दुसरी आज्ञा लिनक्सच्या गाभ्याची रोजनिशी दाखवते. जोडल्यावर काय काय घडले, ते तिच्या शेवटच्या ओळींत लिहिलेले असते.

तिसरे दार भाषेचे. प्लेअर संगणकाशी बहुधा दोनपैकी एका रीतीने बोलतो. एक रीत मास स्टोरेजची, म्हणजे पेनड्राइव्हसारखी. दुसरी एमटीपीची. अनेक प्लेअरांच्या मेनूत ‘यूएसबी मोड’ अशी जागा असते आणि तिथे यांतली एक निवडता येते. एका रीतीने काही दिसेना, तर दुसरी लावून पाहावी. एक सावधगिरी मात्र हवी. काही प्लेअरांत एका रीतीने भरलेली गाणी दुसऱ्या रीतीत दिसत नाहीत, म्हणून गाणी गेली असे समजून घाबरू नये. एमटीपीसाठी लिनक्सवर ‘लिबएमटीपी’ हे साधन लागते आणि ‘एमटीपी-डिटेक्ट’ ही आज्ञा यंत्राची चौकशी करते. एका वेळी एकाच प्रोग्रामला यंत्र धरता येते, हे बाईंच्या बाबतीत आपण पाहिलेच. फोन असेल तर त्याचे कुलूप उघडून, सूचनेतला ‘फक्त चार्जिंग’ हा पर्याय बदलून ‘फाइल ट्रान्सफर’ करावा लागतो.

चौथे दार आतल्या मांडणीचे. मास स्टोरेजच्या रीतीत प्लेअर ‘एलएसबीएलके’ या आज्ञेत डिस्क म्हणून दिसतो. दिसतो पण उघडत नाही, तर मांडणी बिघडलेली असू शकते. प्लेअर रीतसर बाहेर न काढता केबल उपटली, की रोजनिशीत तशी नोंद येते आणि तपासणी करण्याची सूचनाही येते. ‘एफएससीके’ या साधनाने ती तपासणी होते, पण आधी प्रत काढावी. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डे बहुधा एक्सफॅट मांडणीची असतात. जुन्या लिनक्सला ती वाचायला वेगळे साधन बसवावे लागते.

पाचवे दार गाण्यांच्या प्रोग्रामचे. फाइलींच्या खिडकीत प्लेअर दिसतो आणि रिदमबॉक्ससारख्या प्रोग्रामात दिसत नाही, असे होते. अशा वेळी त्या प्रोग्रामला हा साधा पेनड्राइव्ह वाटत असतो. प्लेअरच्या मुळाशी ‘.इज_ऑडिओ_प्लेअर’ या नावाची, इंग्रजी अक्षरांतली, रिकामी फाइल ठेवली की त्याची समजूत पटते.

पाच दारे, आणि प्रत्येक दारावर काय अडले ते सांगणारी नोंद. ही नोंद न वाचता ‘विंडोज टाका’ म्हणणारा माणूस कारागीर म्हणवून घ्यायला पात्र नाही.

दार कोणी बंद केले?

इथपर्यंतचा भाग दुरुस्तीचा झाला. आता जबाबदारीचा.

मास स्टोरेज ही यूएसबीची जाहीर, कुणालाही वापरता येणारी रीत आहे. ती पाळणारा प्लेअर लिनक्सवर, मॅकवर, विंडोजवर, इतकेच काय मोटारीतल्या स्टिरिओवरही चालतो. मग दुसरी रीत का आली? एमटीपी मायक्रोसॉफ्टने घडवली. आधीपासून कॅमेऱ्यांसाठी असलेल्या एका पद्धतीचा तो विस्तार होता. २००४ मध्ये त्याच कंपनीने ‘प्लेज-फॉर-शुअर’ नावाचा शिक्का आणला. नावाचा अर्थ, नक्की वाजणार. कुलूपबंद गाणी विकायची आणि शिक्का असलेल्या प्लेअरवर ती वाजवू द्यायची, अशी ती योजना होती. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचा झून हा प्लेअर बाजारात आणला, तर ‘नक्की वाजणार’ शिक्क्याची ती गाणी त्यावर वाजेनात. ज्या दुकानाने शिक्का मारला, त्याच दुकानाच्या नव्या मालाने तो नाकारला. या प्रकरणात लिनक्सचा काय संबंध होता?

एमटीपीची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. मास स्टोरेजमध्ये प्लेअरची सगळी साठवण संगणकाच्या ताब्यात जाते आणि तेवढा वेळ प्लेअरला ती वापरता येत नाही. मधेच केबल निघाली तर मांडणी बिघडते. एमटीपीत साठवण प्लेअरच्या ताब्यात राहते, संगणक फक्त ‘अमुक क्रमांकाची वस्तू दे’ अशी मागणी करतो. अँड्रॉइड फोन याच कारणाने या रीतीकडे वळले. २००८ मध्ये यूएसबीच्या मानके ठरवणाऱ्या संस्थेने तिला मान्यता दिली. म्हणजे रीत वाईट नाही. वाईट आहे ती तिची अर्धवट अंमलबजावणी. विंडोजवर चालले की माल बाजारात पाठवायचा, मानक पूर्ण पाळले की नाही ते तपासायचे नाही, असा शिरस्ता पडला. त्याचा पुरावा लिबएमटीपीच्या आत सापडतो. तिथे प्लेअरांची लांबलचक यादी आहे आणि कित्येकांपुढे त्यांच्या खोडी नोंदवल्या आहेत. हा अमुक प्रश्नाला चुकीचे उत्तर देतो, तो तमुक मागणीवर अडकतो. ही नोंदवही भरली स्वयंसेवकांनी, मुख्यतः आपापल्या घरी, आपापल्या वेळात. चूक कंपनीची, निस्तरायची फुकट राबणाऱ्याने, आणि बदनामी पुन्हा त्याचीच.

अ‍ॅपलचा आयपॉड २००१ मध्ये आला. तो संगणकाला डिस्क म्हणून दिसतो, म्हणून माणूस त्यात फाइली टाकतो. जागा भरते, पण गाणे वाजत नाही. कारण आयपॉड फोल्डर पाहतच नाही, स्वतःची एक सूची वाचतो. गाण्यांच्या फाइलींना चार अक्षरांची निरर्थक नावे देऊन ‘एफ००’, ‘एफ०१’ अशा फोल्डरांत विखरून ठेवतो. गाणे कोणते, कोणाचे, हे फक्त त्या सूचीत. लिनक्सच्या कार्यकर्त्यांनी ती सूची लिहिणारे ‘लिबजीपॉड’ तयार केले आणि काम चालू लागले. सप्टेंबर २००७ मध्ये नवे आयपॉड आले, तेव्हा सूचीवर एक गणिती शिक्का बसवलेला निघाला. तो यंत्राच्या स्वतःच्या क्रमांकावरून काढलेला असे. शिक्का जुळला नाही, तर यंत्रात गाणी असूनही आयपॉड म्हणे, एकही गाणे नाही. काही दिवसांतच त्या शिक्क्याचे गणित लोकांनी सोडवले. पुढच्या यंत्रांत शिक्का पुन्हा बदलला.

नोव्हेंबर २००८ मध्ये अ‍ॅपलच्या वकिलांनी ब्लूविकी नावाच्या संकेतस्थळाला कायदेशीर पत्र पाठवले, कारण तिथे लोक या शिक्क्याविषयी चर्चा करत होते. पाने काढून टाकावी लागली. एप्रिल २००९ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही संस्था ब्लूविकीच्या बाजूने कोर्टात गेली आणि जुलैमध्ये अ‍ॅपलने आपली मागणी मागे घेतली. माणसाने पैसे मोजून घेतलेले यंत्र, त्यात स्वतःची गाणी स्वतःच्या संगणकावरून भरायची कशी, याची चर्चा करायलाही कोर्टाची पायरी चढावी लागली. या घटनेनंतरही कोणी ‘लिनक्सला आयपॉड जमत नाही’ असे म्हणत असेल, तर त्याने वाक्याचा कर्ता बदलावा.

‘मूठभरांसाठी कंपनीने का झटावे?’

हा युक्तिवाद नेहमी येतो. लिनक्स वापरणारे थोडे, त्यांच्यासाठी कंपनीने खर्च का करायचा? ऐकायला व्यवहारी वाटतो. पण लिनक्सवाल्यांनी कंपनीकडे वेगळा प्रोग्राम मागितलेलाच नाही. मागणी एवढीच आहे की जाहीर ठरलेली भाषा नीट बोला, आणि वेगळी भाषा बोलणार असाल तर तिचे व्याकरण छापा. बाकीचे काम आम्ही करून घेऊ. शिक्का बसवायला पैसे लागतात, न बसवायला लागत नाहीत. वकिलाचे पत्र पाठवायला पैसे लागतात, न पाठवायला लागत नाहीत. इथे खर्च अडवण्यावर झाला आहे.

‘मूठभर’ हा शब्दही तपासायला हवा. केरळच्या सरकारी शाळांत मुले बरीच वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर शिकत आहेत. आपल्याकडेही परवान्याचे पैसे नाहीत म्हणून, जुना संगणक नव्या विंडोजला पेलत नाही म्हणून लिनक्सकडे आलेली घरे आणि छोट्या संस्था आहेत. त्यांना ‘विंडोज टाका’ म्हणणे म्हणजे परवाना विकत घ्या किंवा चोरीची प्रत वापरा असे सांगणे. दुकानदार बहुधा दुसरेच करतो आणि ते आपण सगळे जाणतो.

आणि हे फक्त अल्पसंख्य लिनक्सवाल्यांचे दुखणे आहे, असे विंडोजवाल्यांनीही समजू नये. एप्रिल २००८ मध्ये एमएसएन म्युझिकने जाहीर केले की ३१ ऑगस्टनंतर विकलेल्या गाण्यांच्या किल्ल्या नव्या संगणकाला मिळणार नाहीत. ओरड झाली, म्हणून मुदत वाढवावी लागली. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला याहूचे गाण्यांचे दुकान बंद झाले आणि गिऱ्हाइकांना भरपाई द्यायची वेळ आली. ही गिऱ्हाइके लिनक्सवर नव्हती. सांगितलेले सगळे नियम पाळून, पैसे भरून त्यांनी गाणी घेतली होती. कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असली की आज एकाचे दार बंद होते, उद्या दुसऱ्याचे.

लिनक्सच्या जाणकारांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. नवख्याने ‘प्लेअर दिसत नाही’ म्हटले की ‘आधी वाचून या’ असे फटकारणे हा काहींचा शौक आहे. वाचायचे कुठे, आणि कोणत्या भाषेत? पाच दारांची नोंद संगणक ठेवतो, पण ती टर्मिनलच्या पोटात आणि इंग्रजीत. पडद्यावर मात्र शांतता. ‘यंत्र सापडले, पण दुसऱ्या प्रोग्रामने धरून ठेवले आहे’ एवढे एक वाक्य मराठीत दाखवायला काय हरकत आहे? त्या शिक्षिकाबाईंना ते वाक्य दिसले असते तर दुकानाची पायरी चढावी लागली नसती. ज्ञान आपल्यापुरते ठेवून मिरवणारा आणि किल्ली आपल्यापुरती ठेवणारा, यांच्यात फरक फक्त नफ्याचा उरतो.

मागायचे काय?

भारत सरकारने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण स्वीकारले. सरकारी माहिती एखाद्या कंपनीच्या खासगी भाषेत अडकू नये, हा त्यामागचा विचार. हाच विचार नागरिकाने दुकानातून घेतलेल्या यंत्राला का लागू नसावा? युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, टॅबलेट आणि अशा अनेक उपकरणांच्या चार्जिंगसाठी एकच यूएसबी-सी खाच सक्तीची केली. तोवर तेही अशक्य आहे असेच सांगितले जात होते. खाच एक झाली, ही चांगली गोष्ट. पण त्या खाचेतून यंत्राने कोणती भाषा बोलावी, आतली सूची मालकाला वाचता यावी की नाही, यावर तो कायदा काही म्हणत नाही. मागणी तिथवर न्यायला हवी.

तोपर्यंत गिऱ्हाईक म्हणून आपल्या हातात जे आहे ते करावे. प्लेअर घेताना तीन प्रश्न विचारावेत. हा पेनड्राइव्हसारखा उघडतो का? गाणी भरायला यांचाच प्रोग्राम लागतो का? मी टिपलेला आवाज साध्या फाइलीच्या रूपात बाहेर काढता येतो का? दुकानदाराला ठाऊक नसेल, तर प्लेअर तिथेच त्याच्या संगणकाला जोडून दाखवायला सांगावे. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ किंवा दुसऱ्याचे ‘हो’ आले, तर तो प्लेअर कितीही स्वस्त असला तरी ठेवून द्यावा.

तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ आले, तर त्यात कुणाचाही आवाज टिपू नये. गाणे पुन्हा मिळते. माणसाचा आवाज मिळत नाही.